एक वाजताचं टेबल

"भरलंय म्हणे!" ओरेस्तेनं फोन खाली ठेवला. "स्पिलाम्बेर्तोच्या खाणावळीतसुद्धा जागा नाही. हा तिसरा नकार."

त्याच्या बायकोनं, निवेसनं, पिठाचे हात झटकले आणि नकाशात डोकावली. उद्याच्या रविवारचा गाडीचा फेरफटका त्यानं पेन्सिलीनं आखला होता. सकाळी विन्योलाचा किल्ला, मग कास्तेल्वेत्रोत कॉफी, सहाच्या आत घरी. गावं कितीही पाहा, पण दुपारी एकला जेवणाचं टेबल हवंच. आधी ते ठरवायचं, मग बाकीची गावं त्याच्या मागेपुढे बसवायची, हा त्याचा शिरस्ता. आणि रेघ दरवेळी झोक्का गावाच्या अलीकडूनच मागे वळायची.

झोक्कात निवेसचा थोरला भाऊ इव्हानो खाणावळ चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी भर पंगतीत सारण भरलेला पास्ता वाढताना तो म्हणाला होता, "ओरेस्ते, तुझ्या आईच्या तोर्तेल्लिनीत सारण कमी आणि पाव जास्त." दुसरं काहीही म्हणाला असता तर खपलं असतं. आईच्या सारणावर कोण ऐकून घेईल? ओरेस्ते ताटावरून उठला, तो पुन्हा त्या दारात गेला नाही. निवेस भावाकडे जायची ती एकटी, बसनं.

आणि उद्या इव्हानो शेवटचं जेवण वाढणार होता. गुडघे गेले होते, सोमवारपासून कुलूप. नवऱ्याशेजारी बसून भावाच्या हातचं जेवायचं, एवढी एकच हौस तिला उरली होती. उद्या नाही तर कधीच नाही. सरळ सांगावं तर ओरेस्ते हट्टाला पेटणार. चाळीस वर्षांच्या संसारात तिला तेवढं कळलं होतं.

म्हणून तिनं घाट घातला. आसपासच्या चार खाणावळींत जायचा तो पास्ता तिच्याच हातचा. काल तो पोचवताना चारही मालकिणींना तिनं बजावलं, "माझ्या नवऱ्याचा फोन आला तर भरलंय म्हणायचं. नाहीतर पुढच्या रविवारी तुमचा पास्ता तुम्हीच लाटा!" चौघी खो खो हसल्या, पण शब्दाला जागत होत्या.

चौथा फोनही फुकट गेला. "ग्विल्यातही नाही! उद्या सगळ्या जिल्ह्याचं लग्न आहे की काय?"

"मग राहू दे रे," निवेस साळसूदपणे म्हणाली. "घरीच भाज्या उकडते."

"रविवारी उकडलेल्या भाज्या? मी काय दवाखान्यात पडलोय?"

 आता हळूच झोक्काचं नाव काढायचं. भावाचा नंबर तिनं चिठ्ठीवर लिहून आणला होता, कारण वहीतला ओरेस्तेनं कधीच खोडला होता. तिनं खिशात हात घातला.

पण ओरेस्तेनं फोन पुन्हा उचलला. वही उघडली नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. भराभर आकडे दाबत गेला.

"इव्हानो, मी ओरेस्ते," घसा खाकरून तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे जागाच नाही, म्हणून विचारतोय. दोघांसाठी टेबल हवंय. उद्या, एक वाजता."

निवेसला नाचावंसं वाटलं. जिंकली होती ती! या हट्टी माणसाला तिनं चार फोनांत सरळ केलं होतं.

पलीकडून इव्हानोचा आवाज असा फुटला, की ओट्यापाशी तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"अरे गाढवा! अकरा वर्षं दर नाताळला फोन करून, असाच घसा खाकरून, काही न बोलता ठेवून देणारा तूच होय!"