जिनोस्त्राचं स्थळ

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा वेनेरा आरशासमोर बसली होती आणि नुंत्सिया आत्या मागून तिच्या नव्या झग्याची बटणं लावत होती. मिलात्सोहून दोन्ना एर्सिलिया मुलगी बघायला येणार होत्या. बरोबर त्यांचा मुलगा कोर्रादो. टेबलावर बदामाची बिस्किटं मांडून झाली होती. घरातली सगळ्यात चांगली वाइन बाहेर काढली होती.

अंगणातून वडिलांची हाक आली. "वेनेरा! खांदा धरलाय गं माझा. हात वरच जात नाही."

जिनोस्त्रा हे बेटावरचं गाव, पण तिथं बोट लागायला धक्का नव्हता. मोठी बोट खडकांपासून लांब उभी राही आणि गावची होडी जाऊन माणसं उतरवून आणी. होडी गेली नाही, तर बोट तशीच पुढे निघून जाई. वेनेराचे वडील गाएतानो आणि शेजारचे पेप्पेकाका असे दोघं मिळून वल्ही मारत. पेप्पेकाकांना एकट्यांना होडी झेपणारी नव्हती. बाकीचे धडधाकट हात केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेले होते. त्यातून आज वारा फिरला होता आणि लाटा खडकावर चढत होत्या.

"जाऊ दे बोट," आत्या म्हणाली. "येतील पुढच्या खेपेला. जिला बघायला आलेत तिनंच होडी हाकायची म्हणजे काय? लोक शेण घालतील तोंडात!"

वेनेरा आरशात बघत राहिली. कोर्रादोचा फोटो तिला आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता. गावात तिच्या वयाचा बिनलग्नाचा एकही मुलगा उरला नव्हता. आणि एकदा दारावरून परत गेलेली माणसं पुन्हा येतीलच, असं कुणी सांगावं?

"आत्या, बटणं सोड," ती म्हणाली.

वडिलांची विजार चढवून, डोक्याला फडकं गुंडाळून ती समुद्राकडच्या पायऱ्या उतरत सुटली.

ती आणि पेप्पेकाका होडी वल्हवत पोचले तेव्हा बोटीच्या कुशीतला दरवाजा उघडा होता. दारात काळ्या कपड्यांतल्या जाडजूड बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे कोर्रादो. फोटोत होता तसाच देखणा. लाट होडीला उचलून पार उंबऱ्याला लावत होती आणि लगेच पुरुषभर खाली आपटत होती. बाईंनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू आधी उतर, आई," कोर्रादो म्हणाला. "मी आहे ना मागे."

"मी सांगेन तेव्हाच पाऊल टाका!" वेनेरा खालून ओरडली. "पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघा! आत्ता नको. नको म्हटलं ना! थांबा... हं, आता! या!"

बाई डोळे मिटून अंगावर आल्या. दोघी होडीच्या तळाशी कोलमडल्या. बाईंची टोपी समुद्रात गेली.

"आता तुम्ही!" वेनेरानं कोर्रादोपुढे हात केला. होडी वर आली. त्यानं पाऊल उचललं आणि मागे घेतलं. होडी पुन्हा वर आली. या वेळी त्यानं दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आई, तू जाऊन ये!" तो ओरडला. "मी बोटीबरोबर परत जातो!"

त्याच्या शेजारचे खलाशी तोंड फिरवून हसले. दरवाजा लागला.

परतताना बाई बराच वेळ लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत होत्या. मग त्या वेनेराकडे वळल्या.

"कुणाची गं तू?"

"गाएतानोंची."

"मुली किती त्यांना?"

"एकच."

बाईंनी तिला फडक्यापासून विजारीपर्यंत न्याहाळलं. पेप्पेकाकांनी मान खाली घालून वल्हं धरलं. खडकांमधली खिंड जेमतेम होडीच्या रुंदीची होती. वेनेरानं तोंडाशी होडी रोखली, वेड्यावाकड्या लाटा जाऊ दिल्या, मनासारखी लाट येताच "हाणा, काका!" म्हणाली, आणि होडी सुरीसारखी आत शिरली.

घराच्या दारात आत्या ओठांवर हसू ओढून उभी. "या, या! मुलगी आत तयार होतेय हं. होडीवर होती ना, ती आमच्याकडे कामाला..."

तेवढ्यात वेनेरा बाईंची पेटी डोक्यावर घेऊन, विजारीतून पाणी गाळत, आत आली. आत्यानं कपाळाला हात लावला.

संपलं, वेनेराला वाटलं. मुलगा आलाच नाही, आणि त्याच्या आईवर आपण शेळीवर ओरडावं तशा ओरडलो. पण ओरडलो नसतो, तर बाई आज पाण्यात असत्या. तिनं कपडे बदलले नाहीत. तशीच चुलीकडे गेली, कॉफी केली आणि पेला बाईंच्या हातात दिला. तिला कुणाची माफी मागायची नव्हती.

"मुलगा कुठाय?" वडिलांनी विचारलं.

"घाबरला," दोन्ना एर्सिलिया म्हणाल्या. "त्याचं काही नाही. मीही घाबरलेच होते. पण आईला पुढे घातलं आणि स्वतः मागे फिरला."

"अहो, लहान आहे अजून!" आत्या घाईघाईनं म्हणाली. "पुढच्या खेपेला समुद्र शांत असेल. तेव्हा आणा त्याला. आमची पोरही तेव्हा नीट नेसून-सवरून..."

बाईंनी पेला खाली ठेवला. ओल्या वेनेराचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"तुमची मुलगी माझ्या पसंतीला उतरली, गाएतानो," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा उतरला नाही."