तिसरा गांसा

मंचामागच्या मांडवात देल्फिनच्या मोबाइलवर धाकट्या बहिणीचा निरोप आला. ‘आई गेली. नऊ दहाला.’ त्याने वेळ पाहिली. नऊ छत्तीस. मोबाइल बंद करून त्याने तो पिशवीत, भाताच्या डब्याखाली ठेवला.

बाहेर ताबुक शहराच्या उत्सवातली वादनस्पर्धा ऐन भरात होती. कर्ण्यावर अकराव्या गटाचं नाव पुकारलं. देल्फिनच्या गावाचा नंबर तेरावा.

“कुणाचा रे?” रुफोने विचारलं.

“कुणाचा नाही. जाहिरात.”

“तरी बरं. मी घाबरलोच.” रुफो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागला. “या वर्षी मी बंदोबस्त करून आलोय. गावातल्या एकेका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन सांगितलंय, रविवारपर्यंत कुणीही मरायचं नाही. दोन वर्षं झाली हा तमाशा चाललाय. एकदा पुलावरून परत, एकदा छातीला नंबर लावून परत.”

बाकीचे हसले. गावात चाळीस घरं होती, आणि त्यांपैकी एकोणीस घरांत सत्तरीपुढची माणसं. कुठल्याही घरात मरण आलं, की माती होईपर्यंत गावाचा गांसा, म्हणजे हाताने वाजवायची काशाची थाळी, वाजत नसे. मग वाजवणारे गावात असोत की शहरात. बातमी कानावर येण्याआधी वाजला तर दोष नव्हता. आल्यावर वाजला तर होता.

“तुझ्या आईलाही सांगून आलोय,” रुफो देल्फिनला म्हणाला.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मी कशाला मरू? तुम्ही जिंकून आलात की डुक्कर कापणार ना, मला खायचंय. आणि वर मलाच म्हणते, तू तुझं पोट सांभाळ, मांडीवर गांसा ठेवायला जागा तरी उरलीय का?”

देल्फिनही हसला. नऊ दहाला आपण काय करत होतो ते त्याला आठवलं. उकडलेलं अंडं सोलत होतो. कवच एका तुकड्यात निघालं होतं.

आपो लागुंदाय कोपऱ्यात बसून कोमट पाण्याच्या मगात बोटं बुडवत होते. वय अठ्ठ्याहत्तर. सहाही गांसा त्यांच्या आजोबांच्या वेळचे, आणि वाजवणारे बाकी पाचही जण त्यांनीच शिकवलेले.

“आपो, पुढच्या वर्षी या मगाऐवजी बादली आणू,” रुफो म्हणाला.

“पुढच्या वर्षी ही बोटं वळणार नाहीत,” आपो म्हणाले. “आज वळतायत. आजचं बोल.” मग देल्फिनकडे वळून म्हणाले, “तिसरा चुकला की सगळं लंगडतं. रात्री झोपलास ना नीट?”

“हो, आपो.”

तोंड उघडलं असतं, तर सहाही गांसा पोत्यात गेले असते. देल्फिन छातीवरच्या तेरा आकड्याची टाचणी नीट करत राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाला बारीक चीर होती. ती कुठपर्यंत गेलीय, ते तो पाहत होता.

नंबर पुकारला गेला.

सहा जण मंचावर ओळीने गुडघ्यांवर बसले. काशाच्या चपट्या थाळ्या मांड्यांवर आल्या. प्रत्येकापुढे एक माइक. पहिले चौघे एकच ठेका वाजवतात, फक्त एकामागून एक, अर्ध्या मात्रेच्या अंतराने. डावा तळहात मारतो, उजवा घासत जाऊन आवाज मिटवतो. पाचवा ताल धरून ठेवतो. सहावा मोकळा हिंडतो. सहावा रुफोचा.

आपोंनी पहिला ठोका दिला. दुसरा आला. मग देल्फिनचा डावा हात खाली आला आणि काशाला टेकून थांबला. उजवा त्यावरून घासत गेला. आवाज झाला नाही. नियम आवाजाबद्दल होता. हातांबद्दल काही नव्हता.

चौथा आपल्या जागी वाजला. मध्ये भोक राहिलं.

दुसऱ्या फेरीतही भोक तिथेच होतं. आपोंनी मान वळवली नाही. त्यांच्याबरोबर वाजवताना एकवीस वर्षांत देल्फिनचा ठोका कधी चुकला नव्हता. तिसऱ्या फेरीला आपोंचा हात वर गेला, खाली आला आणि टेकला. त्यांचाही आवाज आला नाही. मग दुसऱ्याचा गेला. मग चौथ्याचा. हात सगळ्यांचे चालू होते, ज्याच्या त्याच्या जागी, अर्ध्या मात्रेच्या अंतराने. पाचव्याने दोन ठोके जास्त दिले आणि तोही मुका झाला.

रुफो एकटा वाजवत राहिला. तो गर्दीकडे पाहून हसत होता. मग त्याला ऐकू आलं. त्याने ओळीकडे पाहिलं, आपोंकडून सुरू करून एकेकाच्या हातांकडे. तिसऱ्यापाशी येऊन त्याची नजर वर, देल्फिनच्या तोंडावर गेली. देल्फिनने होकाराची मान हलवली.

रुफोचा तळहात काशावर उतरला आणि तिथेच राहिला. मग तोही इतरांबरोबर घासू लागला.

“माइक गेले!” मंचाच्या बाजूने कुणीतरी ओरडलं. “अरे, आवाज वाढव! सगळे वाढव!”

आवाजवाला धावला. त्याने सहाच्या सहा बटणं शेवटपर्यंत सरकवली. मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून तळहात धातूवर घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि त्यामागे कुणाचा तरी श्वास.