कडेवरची नात

२०१९ साली आमची नात शरण्या दीड वर्षाची झाली, तरी उभी राहीना. आमच्या गावात, दुबलगुंडीत, बाया सुनेला टोचायच्या, "पवित्रा, पोरगी कामून चालंना गं?" शेवटी सगळे गुलबर्ग्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शरण्या नेहमीसारखी आमच्या ह्यांच्या कडेवर होती. बाईंनी पाय तपासून विचारलं, "घरी हिला खाली सोडता का?" "फरशी गार लागती की," हे पुटपुटले. बाई आमच्यासारख्याच लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग आम्ही कधी जमिनीवर ठेवत नाही. हसून म्हणाल्या, "अप्पा, लेकरू हाय, गळ्यातलं लिंग न्हाई. ठेवा खाली." शहाबादी फरशीवर शरण्या आधी रडली, मग खुर्ची धरून उभी राहिली. पवित्राने डोळ्यांना पदर लावला. आता शरण्या शाळेला पळते, मुलगा-सून बिदरला राहतात, हे गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत, नुसते उभे असले तरी त्यांचा डावा हात कमरेशी वाकलेलाच असायचा.