उजवीकडचा सारस

लाल डोक्याचा उंचाडा तो सारस आणि काळ्या मानेचा बुटका तो करकोचा, हे दिनकररावांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांचे साडू श्यामराव मात्र कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात आधी हळूच पिंजऱ्यावरची पाटी वाचायचे, आणि मग जन्मभर पक्षीच पाळल्यासारखं पाहुण्यांपुढे ज्ञान पाजळायचे. त्यांची हवा काढायची म्हणून दिनकररावांनी सगळ्यांदेखत पैज लावली, "रविवारी सारस बरोबर ओळखून दाखवा, तिथल्या तिथे मिशी उतरवतो. चुकलात तर तुमची!"

शनिवारी संध्याकाळी त्यांनी गुपचूप जाऊन तारेने अडकवलेल्या दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली.

रविवारी सगळं खटलं पिंजऱ्यांपुढे जमलं. श्यामरावांनी नेहमीसारखी तिरकी नजर पाट्यांवर टाकली आणि बोट दाखवलं, "उजवीकडचा सारस. त्यात काय एवढं!" पिंजऱ्यांकडे पाठ करून उभे असलेले दिनकरराव खो खो हसत सुटले. खिशातून वस्तरा काढत म्हणाले, "अहो साडूबुवा, डोकं बघा की, लाल कुणाचंय..." आणि वळून बघतात तो काय, उजवीकडच्या पिंजऱ्यात लाल डोक्याचा सारस ऐटीत उभा!

श्यामरावांनी शांतपणे त्यांच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

बादली घेऊन चाललेला रखवालदार अभिमानाने सांगत होता, "किसीने दोनों पंछी उल्टा रख दिया था, दादा. सुबह से पकड़-पकड़ के बोर्ड के हिसाब से ठीक किया!"