एका घोंगड्यावर

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं, म्हणून बिरू धनगरानं आक्काबाईला मॅट्रिकनंतर घरीच ठेवलं. काही वर्षांनी फुलंब्रीतच, कापसाच्या रिकाम्या गोदामात कॉलेज उघडलं तेव्हा मेंढरं भावावर सोपवून तोच लेकीला घेऊन आला. पत्र्याच्या फटींतून ऊन उतरत होतं. त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, आणि आपणही त्यांच्यासोबत तरंगतोय असं आक्काबाईला वाटत होतं. बाकं आली नव्हती. बापानं खांद्यावरचं घोंगडं अंथरलं. “बस, आक्के.” दंगलीत घर जळाल्यावर भीमनगरात मामाकडं आलेली मुलगी भिंतीपाशी अवघडून उभी होती. तिला बोलवावं असं आक्काबाईच्या मनात आलं, पण बापासमोर जीभ उचलेना. तेवढ्यात दारातून बिरू म्हणाला, “घोंगडं काय एकटीचं हाय व्हय? सरक की जरा.” आक्काबाई सरकली. मुलगी येऊन टेकली. सरांनी हजेरीसाठी नाव विचारलं, आणि दोघींनी एकदमच आपापलं नाव सांगितलं.