मीटरवर शून्य

काचा धुवायच्या पाण्यात क्षार राहिले, की वाळल्यावर पांढरे डाग उठतात. बाकी कुणी तिकडे बघतही नसे, पण दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या आजोबांचा फोन हमखास यायचा, "अरे, परत डाग! पाणी शुद्ध करायचं मशीन आहे की खेळणं?"

इमारतींच्या काचा धुणारा तो पुन्हा जायचा. खालून लांब दांड्याचा ब्रश फिरवत आजोबांची बोलणी खायचा. बोलणी संपली, की खिडकीतूनच गप्पा सुरू व्हायच्या. त्याला दुसरं कुणी फोन करत नसे. म्हणून तर मशीनचा फिल्टर कधीच बाद झालाय हे ठाऊक असूनही त्याने काणाडोळा केला होता.

आज कंपनीच्या मालकाने स्वतः मशीन उघडलं, त्याला चार शब्द सुनावले आणि फिल्टर बदलून टाकला. मीटरवर क्षार शून्य. आजोबांची खिडकी त्याच्यासमोर वाळली, तेव्हा तिथे काच आहे की नाही तेच कळेना.

घरी येऊन तो फोन उशाशी ठेवून आडवा झाला. आता कशाला वाजतोय मेला!



फोन वाजला. "अरे, परत डाग! उद्या येतोस ना?"