रेडिओवरचा अबोला

दोन्हीकडून बोलता येणाऱ्या हौशी (हॅम) रेडिओवरून खेळताना बुद्धिबळातल्या एका प्याद्यावरून मास्तरांचं परगावच्या दोस्ताशी वाजलं, आणि संध्याकाळच्या गप्पा बंद पडल्या. दोस्त त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर इतरांशी बोलायचा. मास्तर नुसते ऐकत बसायचे, ओठ घट्ट मिटून.

“तुम्हीच हाक मारा की,” बायको म्हणायची.

“मी? जीभ झडली तरी आधी बोलणार नाही.”

आज मात्र मास्तरांनी बोलायचं जुनं यंत्रही तापवलं. त्यांची ऐकायची पेटी वेगळी, बोलायची वेगळी. दोघींना दोस्ताच्या फ्रिक्वेन्सीवर एका सुरात आणायचं तर बोलायच्या पेटीचं बटण हलक्या हातानं फिरवायचं. ऐकायच्या पेटीत बारीक शिट्टी उमटते, जाड होत होत विरून जाते, की जुळलं. मास्तरांची शिट्टी विरायला आली, की बोटं पुन्हा मागे सरकायची. पुन्हा शिट्टी.

बायको दारात येऊन उभी राहिली. “अहो, जुळवताना बाहेर सोडायची पॉवर बंद ठेवायची असते ना? तुमची शिट्टी बाहेर चाललीय, साऱ्यांच्या कानांत.”

“हो का?” म्हणत मास्तरांनी बटण आणखी एकदा मागे-पुढे केलं, आणि मग दम घेतला.

लगेच पेटी कडाडली. “अरे गाढवा, जुळवतोयस की आमचे कान किटवतोयस? तुझ्याशिवाय कोण असणार दुसरा!”

माइक उचलण्याआधी मास्तर बायकोकडे वळले.

“ऐकलंस ना? आधी तोच बोलला.”